हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमधील आवाज

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमधील आवाज हा मोटारीच्या द्रवचालित सुकाणू यंत्रणेत निर्माण होणारा एक दोष आहे. चाक वळवताना किंवा इंजिन चालू असताना ऐकू येणारे कण्हणे, भुणभुणणे, किंचाळणे, फुसफुसणे, खडखडणे असे निरनिराळे आवाज या एकाच नावाखाली येतात. त्यांपैकी बहुतेकांचे मूळ तीन गोष्टींत सापडते: टाकीतील द्रवाची कमतरता, द्रवात शिरलेली हवा आणि सैल झालेला पट्टा. या तिन्हींचे निदान साध्या हत्यारांनी घरच्या घरी करता येते. याउलट पंपाची अंतर्गत झीज, उच्च दाबाच्या नळीची गळती आणि स्टिअरिंग रॅकमधील दोष ही कामे कार्यशाळेत करून घेणे इष्ट असते.

या आवाजाकडे दुर्लक्ष केल्यास पंप कोरडा फिरून निकामी होऊ शकतो. गळणारा द्रव ज्वलनशील असल्यामुळे तो तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास आग लागण्याचाही धोका असतो. पंप बंद पडला तरी चाक आणि पुढची चाके यांचा यांत्रिक जोड कायम राहतो, त्यामुळे मोटार वळवता येते. तथापि चाक अचानक अतिशय जड होते. घाटातील वळणावर असे घडल्यास चालकाला स्वतःला सावरण्यास फारसा अवधी मिळत नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२० च्या दशकात द्रवदाबावर चालणारी सुकाणू यंत्रणा विकसित केली. विक्रीस उपलब्ध असलेल्या प्रवासी मोटारीत ती प्रथम १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियल या गाडीत ‘हायड्रागाइड’ या नावाने आली. १९८८ मध्ये सुझुकी सर्व्हो या लहान मोटारीत विद्युत पॉवर स्टिअरिंग बसवण्यात आले. त्यानंतर लहान मोटारींत विद्युत प्रणालीचा प्रसार होत गेला. भारतात महिंद्रा बोलेरो, टाटा सुमो, टोयोटा इनोव्हा अशा वाहनांच्या अनेक आवृत्त्यांत द्रवचालित प्रणाली वापरली गेली असून अशी वाहने ग्रामीण महाराष्ट्रात आजही मोठ्या संख्येने धावतात. ट्रक आणि बस यांच्यासाठी लागणारी द्रवचालित स्टिअरिंग यंत्रे पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथेही तयार होतात.

रचना व कार्य

इंजिनाच्या पुलीवरून पट्ट्याने फिरणारा पंप, द्रवाची टाकी, पंपाकडून स्टिअरिंग बॉक्सकडे जाणारी उच्च दाबाची नळी, फिरता झडपसंच, रॅक अथवा स्टिअरिंग बॉक्समधील दट्ट्या आणि टाकीकडे परत येणारी कमी दाबाची नळी हे या यंत्रणेचे मुख्य भाग होत. संपूर्ण यंत्रणेत मोटारीच्या आकारानुसार साधारण एक लिटरच्या आसपास द्रव मावतो.

पंप बहुधा पात्यांचा असतो. लंबवर्तुळाकार पोकळीत एक चकती फिरते आणि तिच्या खाचांत बसवलेली पाती बाहेरच्या भिंतीला घासत पुढे सरकतात. पात्यांमधील जागा मोठी होत असताना द्रव आत ओढला जातो व लहान होत असताना तो दाबाने बाहेर ढकलला जातो. रस्त्यावर सरळ जाताना हा दाब अल्प असतो. उभी गाडी वळवताना अथवा चाक शेवटच्या टोकाला नेल्यावर तो १०० बारच्या आसपास पोहोचू शकतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब साधारण सव्वादोन बार असतो, यावरून त्याची कल्पना यावी.

चाक पूर्ण टोकाला गेल्यावर द्रवाला जाण्यास वाट उरत नाही. अशा वेळी पंपातील सुरक्षा झडप उघडते आणि तोच द्रव पंपातल्या पंपात फिरत राहून झपाट्याने तापतो. या स्थितीत येणारा फुस्स असा आवाज दोष मानला जात नाही. मात्र चाक त्या टोकाला काही सेकंदांपेक्षा अधिक काळ दाबून धरू नये. अरुंद जागेत गाडी लावताना अनेक चालकांना ही सवय लागते आणि पंपाचे आयुष्य तिनेच कमी होते.

आवाजांचे प्रकार

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारे कण्हणे हा सर्वांत सामान्य प्रकार आहे. चाक वळवताना तो अधिक स्पष्ट होतो. याचे कारण बहुतेक वेळा द्रवातील हवा असते. हवेचे बुडबुडे दाबले जाऊ शकतात, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे बुडबुडे पंपाच्या दाबाच्या बाजूला पोहोचताच एकदम आकसतात आणि पंप थरथरतो. टाकीतील जाळी तुंबली असेल किंवा खेचनळी पिचली असेल तर बाहेरची हवा न शिरताही असाच आवाज येतो. पंपाला पुरेसा द्रव न मिळाल्याने खेचण्याच्या बाजूचा दाब इतका घसरतो की द्रवाचीच वाफ होऊन पोकळ्या तयार होतात व पुढे दाब वाढताच त्या फुटतात. या क्रियेस पोकळीभवन म्हणतात. ती दीर्घकाळ चालू राहिल्यास पात्यांवर आणि भिंतीवर बारीक खड्डे पडतात. त्यानंतर द्रव भरूनही आवाज जात नाही.

किंचाळल्यासारखा तीव्र आवाज पट्टा घसरत असल्याचे दर्शवतो. गाडी सुरू करताच किंवा चाक टोकाला नेल्यावर, म्हणजे पंपावरील भार अचानक वाढल्यावर, तो ऐकू येतो. पावसाळ्यात डबक्यातून गाडी गेल्यानंतर काही क्षण असा आवाज येऊन पट्टा वाळताच थांबला, तर त्यात चिंतेचे कारण नसते. इंजिनाखालचे संरक्षक पत्रे एखाद्या दुरुस्तीच्या वेळी काढून पुन्हा न बसवलेल्या गाड्यांत हे वारंवार घडते.

दळल्यासारखा सलग घरघराट पंपाच्या बेअरिंगकडे निर्देश करतो. गाडी उभी असताना चाक थोडे डावीउजवीकडे हलवल्यावर ‘टक’ असा आवाज आला, तर दोष प्रायः द्रवप्रणालीत नसतो. टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट, रॅक धरून ठेवणारे रबरी बुश अथवा स्टिअरिंगच्या दांड्यातील जोड झिजलेला असतो. हा दोष थेट सुरक्षिततेशी निगडित असल्याने त्यात विलंब करू नये. आवाज मोठा नसतो म्हणून त्याकडे काणाडोळा होतो, आणि कण्हणाऱ्या निरुपद्रवी पंपाची मात्र आधी तक्रार केली जाते.

निदान

प्रथम प्रणालीचा प्रकार निश्चित करावा. बॉनेट उघडल्यावर स्टिअरिंगचे चिन्ह असलेली स्वतंत्र टाकी दिसत नसेल तर ती गाडी बहुधा विद्युत प्रणालीची असते आणि या लेखातील बहुतांश उपाय तिला लागू पडत नाहीत.

द्रवाची पातळी सपाट जागेवर तपासतात. टाकीवर किंवा झाकणाला जोडलेल्या पट्टीवर थंड आणि गरम स्थितीसाठी वेगवेगळ्या खुणा असू शकतात. पातळीइतकेच द्रवाचे रूपही महत्त्वाचे असते. नव्या द्रवाचा रंग त्याच्या जातीनुसार लाल, हिरवा अथवा पिवळसर असतो. काळपट द्रव रबराची व धातूची झीज सुचवतो, जळका वास अतितापाचा निदर्शक असतो आणि दुधाळ किंवा फेसाळ द्रवाचा अर्थ त्यात हवा मिसळली आहे असा होतो. इंजिन चालू असतानाची पातळी लक्षात ठेवून ते बंद करावे. बंद करताच पातळी सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वर आली, तर दाबाखाली आकसलेली हवा प्रणालीत अजून शिल्लक आहे असे समजतात. या परीक्षेस कोणतेही साधन लागत नाही.

ही प्रणाली बंदिस्त असते. इंजिनातील तेलाप्रमाणे हा द्रव थोडाथोडा खर्च होत नाही. म्हणून पातळी कमी झाली असेल तर कोठेतरी गळती आहे, असेच धरून चालावे. गाडीखाली रात्रभर स्वच्छ पुठ्ठा ठेवल्यास गळतीची जागा ढोबळमानाने कळते. पंपाच्या दांड्याचे ऑइल सील, उच्च दाबाच्या नळीचे सांधे आणि रॅकच्या दोन्ही टोकांवरील रबरी घडीदार आवरणे या नेहमीच्या जागा आहेत. ती आवरणे इंजिन बंद असताना हलकेच दाबून पाहावीत. आत द्रव डुचमळत असल्यास रॅकचे सील गेलेले असते आणि काम घरगुती दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जाते. इंजिन चालू असताना नळीवर हात फिरवून गळती शोधणे अत्यंत धोकादायक आहे. सूक्ष्म छिद्रातून उडणारी दाबाची धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते. जखम टाचणी टोचल्यासारखी किरकोळ दिसली, तरी तिला तातडीने शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

गळती कोठेच नाही, पातळी योग्य आहे आणि तरीही द्रव फेसाळतो, अशी स्थिती अनेकांना गोंधळात टाकते. अशा वेळी टाकी व पंप यांमधील खेचनळी तपासावी. या नळीत दाब वातावरणापेक्षा कमी असल्यामुळे कडक झालेले रबर, सैल क्लिप किंवा चपटी झालेली ओ-रिंग यांतून द्रव बाहेर न येता हवाच आत ओढली जाते. इंजिन बंद करून प्रत्येक सांध्यावर त्याच द्रवाचा किंवा ग्रीसचा जाड लेप द्यावा व इंजिन पुन्हा सुरू करावे. आवाज काही क्षण कमी झाला तर हवा तेथूनच शिरत होती. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाड्यांत ही नळी उंदरांनी कुरतडल्याचेही आढळते. येथे अचूक निदान झाल्यास खर्च एका क्लिपेचा किंवा हातभर नळीचा असतो. न झाल्यास पंप, आणि पंप बदलूनही आवाज राहिला म्हणून पुढे रॅक, असे सुटे भाग विनाकारण बदलले जातात.

पट्टा इंजिन बंद असताना पाहावा. भेगा, निघालेले धागे, काचेसारखी चकाकी किंवा तेलाचे डाग दिसल्यास तो बदलणे योग्य. हाताने ताण देण्याची सोय असलेल्या गाड्यांत दोन पुलींमधील सर्वांत लांब भाग अंगठ्याने दाबल्यावर सुमारे १० मिलिमीटर खाली जावा, असा ढोबळ संकेत आहे; अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. स्वयंचलित ताण देणारी पुली असल्यास हा संकेत लागू होत नाही. चालू पट्ट्यावर दुरून पाण्याचा हलका फवारा मारण्याची एक जुनी पद्धत आहे. पाण्याने आवाज वाढल्यास पट्टा सैल असतो, तर आवाज क्षणभर थांबून पुन्हा आल्यास पुल्या एका रेषेत नसतात. फवारा मारताना ओढणी, सैल बाही, मोकळे केस आणि अंगठ्या यांबाबत सावधगिरी बाळगावी लागते. विद्युत पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो.

पंप स्वतःच दोषी आहे किंवा नाही, हे ठरवण्यासाठी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पंपाच्या स्थिर भागावर टेकवून मूठ कानापाशी धरतात. अल्टरनेटर आणि इतर पुल्यांजवळही तसेच ऐकून तुलना करावी. पंपाचा पट्टा स्वतंत्र असल्यास तो काढून इंजिन काही सेकंद चालवले असता आवाज थांबतो की नाही, हे निर्णायक ठरते. एकच पट्टा पाण्याचा पंपही फिरवत असल्यास ही चाचणी अगदी थोडा वेळच करावी.

घरगुती दुरुस्ती

द्रव भरणे हे काम सोपे दिसत असले तरी सर्वाधिक चुका येथेच होतात. कोणता द्रव वापरायचा हे टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. अनेक गाड्यांत स्वयंचलित गिअरबॉक्सचे लाल तेल चालते. काही युरोपीय गाड्यांना हिरवा कृत्रिम द्रव लागतो व होंडासारख्या काही उत्पादकांचा द्रव वेगळा असतो. रंग जुळला म्हणून द्रव जुळला, असे होत नाही. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये. ते ग्लायकॉलवर आधारित असल्याने खनिज तेलासाठी बनवलेले सील फुगून खराब होतात. ते टाकीत पडल्याचे लगेच लक्षात आल्यास इंजिन सुरू न करता सर्व द्रव काढून टाकावा.

प्रणालीतील हवा बाहेर काढण्याच्या क्रियेस गॅरेजमध्ये ‘एअर काढणे’ असे म्हणतात. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. पुढची बाजू जॅकने उचलून मजबूत स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली जाऊ नये. टाकी खुणेपर्यंत भरावी. त्यानंतर इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंगचे कुलूप उघडे राहील इतकी किल्ली फिरवून, चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १५ ते २० वेळा फिरवावे. दुसऱ्या व्यक्तीने टाकीकडे लक्ष ठेवून पातळी खाली जाताच द्रव घालावा. टाकी एकदा जरी रिकामी झाली तरी हवा पुन्हा आत शिरते आणि सर्व क्रिया प्रथमपासून करावी लागते. बुडबुडे येणे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. घाई करून ते आधीच सुरू केले तर पंप हवा घुसळून तिचा बारीक फेस करतो. असा फेस बसण्यास तासभर किंवा अधिक वेळ लागतो आणि तोवर थांबण्याखेरीज उपाय नसतो. शेवटी संथ इंजिनावर चाक काही वेळा फिरवावे, टोकाला दाबून धरू नये आणि गाडी खाली घेऊन पातळी पुन्हा पाहावी.

काळा पडलेला द्रव बदलण्याचे दोन मार्ग आहेत. परतीची नळी सोडवून जुना द्रव बाटलीत काढणे हा पूर्ण मार्ग होय. नळी सोडल्यावर टाकीचे तोंड बुचाने बंद करावे लागते. इंजिन चालू ठेवून हे काम केल्यास टाकी काही सेकंदांत रिकामी होऊन पंप कोरडा फिरण्याची शक्यता असल्याने घरी ते इंजिन बंद ठेवून, चाक फिरवत करणे सुरक्षित ठरते. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या पिचकारीने टाकीतील द्रव ओढून काढणे, नवा भरणे आणि काही दिवस गाडी चालवून तेच पुन्हा करणे. टाकीत एकूण द्रवाचा एक तृतीयांश भाग मावतो असे धरल्यास चार वेळा बदलल्यानंतर जुन्या द्रवाचा सुमारे २० टक्के भाग उरतो. ही पद्धत संथ असली तरी तिच्यात हवा शिरण्याची भीती जवळजवळ नसते, म्हणून नवशिक्यांसाठी तीच बरी. द्रव काढल्यावर टाकीच्या तळाशी जाळी असल्यास ती टॉर्चने पाहावी. जाळीवर काळा गाळ बसला असेल तर टाकी काढून धुवावी. जाळी सुटी होत नसल्यास टाकीच बदलावी लागते.

खेचनळी आणि परतीची नळी बदलताना तेलाला टिकणारी नळीच घ्यावी. रेडिएटरच्या पाण्यासाठी असलेली साधी रबरी नळी तेलाने फुगते व मऊ पडते. उच्च दाबाची नळी क्लिप लावून, गुंडाळून अथवा झाळून दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये. ती गाडीच्या प्रकारानुसार तयार मिळते आणि तिच्या सांध्यावरील ओ-रिंग अथवा वॉशर प्रत्येक वेळी नवी वापरतात. बदललेली नळी चॅसिसला टेकत नाही ना, हे पाहणेही आवश्यक असते. टेकलेल्या नळीतून पंपाची कंपने केबिनमध्ये पोहोचतात आणि नवा पंपही सदोष वाटू लागतो.

गळती थांबवणारी म्हणून बाजारात मिळणारी रसायने कडक झालेले सील मऊ करून फुगवतात. किंचित पाझरणाऱ्या जुन्या सीलवर त्यांचा काही काळ उपयोग होतो. फाटलेली नळी, झिजलेले बेअरिंग किंवा आत शिरणारी हवा यांवर त्यांचा परिणाम होत नाही.

पंप बदलणे अनुभवी व्यक्तीला घरी शक्य असते. मात्र अनेक पंपांची पुली दाबून बसवलेली असते व ती काढण्यास पुलर लागतो. हातोडीने ठोकल्यास दांडा वाकून नवे बेअरिंग लगेच आवाज करू लागते. जुन्या पंपातून सुटलेले धातूचे कण प्रणालीत फिरत असतात. ते धुऊन न काढता बसवलेला नवा पंप फार काळ टिकत नाही.

वापरलेला द्रव गटारात, विहिरीच्या परिसरात किंवा मातीत ओतू नये. भारतात वापरलेले तेल घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांच्या कक्षेत येते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून, जुने तेल अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

विद्युत व मिश्र प्रणाली

विद्युत पॉवर स्टिअरिंगमध्ये द्रव, पट्टा व पंप नसतात. तेथे चाक वळवताना येणारी सौम्य गुणगुण मोटरची असते व ती स्वाभाविक मानली जाते. खडखडाट आल्यास मोटर व दांडा यांमधील दंतचक्रांची किंवा जोडाची झीज कारणीभूत असू शकते. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागल्यास प्रथम बॅटरीचा व्होल्टेज आणि तिच्या टोकांची जोडणी तपासणे एवढेच घरी करण्याजोगे असते. मोटर किंवा टॉर्क सेन्सर बदलल्यावर अनेक गाड्यांत संगणकाद्वारे मध्यबिंदू पुन्हा नोंदवावा लागतो. काही गाड्यांत द्रवप्रणालीचा पंप पट्ट्याऐवजी विद्युत मोटरवर चालतो. अशा गाड्यांना पट्ट्याविषयीचे निदान लागू होत नाही, परंतु द्रव, हवा आणि खेचनळी यांविषयीचे सर्व नियम तसेच लागू राहतात.